शिकलेल्या माणसाला शिकलं कोण?

दिवाळीच्या सुट्टीत माझी सातवीतली भाची सहामाहीचा मराठीचा पेपर घेऊन माझ्यापुढ्यात येऊन बसली. एक मार्क गेला होता आणि तो का गेला हे तिला कळत नव्हतं. वर्गात सांगितलं होतं की ‘-लेला’ लागला की ते भूतकाळवाचक, कर्मणी धातुसाधित विशेषण, म्हणजे धातूपासून (क्रियापदाच्या मूळ रूपापासून) झालेलं आणि ज्याच्यावर क्रिया झाली त्याला लागणारं. घर कोणी तरी बांधलं, म्हणून ते ‘बांधलेलं घर’. पेपरात ‘बांधलेले घर’ आणि ‘शिकलेला माणूस’ असे दोन शब्दगट होते. पहिल्यापुढे तिनं पाठ केलेलं लिहिलं आणि मार्क मिळवला. दुसऱ्यापुढे लिहिलं, ‘हे कर्मणी नाही’. त्यावर तांबडी फुली. “मामा, घर कोणी तरी बांधलं हे ठीक आहे,” ती म्हणाली, “पण या माणसाला कोण शिकलं?”

हा किस्सा मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि पुढचे दोन दिवस जे वाजलं ते कुठल्याही वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत वाजतं तसंच होतं. अर्ध्या मंडळींचं म्हणणं, आईच्या दुधाबरोबर येणाऱ्या भाषेला व्याकरण हवंच कशाला, पोरांना छळता कशाला, काढून टाका हे सगळं. उरलेल्यांचं म्हणणं, आजकालच्या पोरांना ‘करून’मधला ‘रू’ दीर्घ असतो हेही माहीत नाही, तेव्हा उलट आणखी कडक शिकवा, आमच्या वेळी छडी होती. दोन्ही बाजूंना एकाही क्षणी असं वाटलं नाही की मुलीनं एक प्रश्न विचारलाय आणि तो प्रश्न बरोबर आहे.

व्याकरण हवं की नको, हा वादच मला चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. माझं म्हणणं असं: धातुसाधितं हे प्रत्यय ओळखण्याचं प्रकरण नाही, मराठी वाक्य ज्याच्या जोरावर उभं राहतं ती ही यंत्रणा आहे. आज ज्या रीतीनं ती शिकवली जाते ती रीत जावी हे पहिल्या पक्षाचं म्हणणं मला मान्य आहे. पण विषय जावा हे नाही. तो पुस्तकाच्या शेपटाकडून उचलून मध्यभागी आणावा, आणि तोही प्रत्ययांच्या कोष्टकातून नव्हे तर अर्थाच्या बाजूनं, म्हणजे नेमक्या माझ्या भाचीनं विचारलेल्या प्रश्नापासून.

‘यंत्रणा’ हा शब्द मोठा वाटत असेल तर एक म्हण घ्या. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.’ सोडून, पळत्याच्या, लागू. सहा शब्दांत तीन धातुसाधितं. ‘बुडत्याला काडीचा आधार’, ‘नाचता येईना अंगण वाकडे’, ‘वाहत्या गंगेत हात धुवून घेणे’. मराठी माणसाला दोन क्रिया एका वाक्यात बसवायच्या झाल्या की तो ‘आणि’कडे फार कमी जातो. एका क्रियेचं तो विशेषण करतो, नाहीतर अव्यय करतो, नाहीतर सरळ नाम करून तिला विभक्ती लावतो: केलेलं, करणारं, करत, करता, करताना, करून, करायला, करण्यासाठी, केल्यावर. ‘काल जी बाई आली होती ती’ म्हणण्याऐवजी ‘काल आलेली बाई’ म्हणून मोकळा होतो. हल्ली भाषांतरांतून आणि वाहिन्यांवरून ‘ती व्यक्ती जिने हे काम केलं’ अशी वाक्यं येतात. ती कानाला खडा लागल्यासारखी लागतात, पण का लागतात हे सांगता येत नाही, कारण ‘हे काम करणारी व्यक्ती’ हा आपला हुकमी रस्ता आहे हे आपल्याला कोणी कधी दाखवलेलंच नसतं. अगदी ‘म्हणून’ हा शब्दसुद्धा मुळात ‘म्हणणे’चं धातुसाधितच. ते इतकं गुळगुळीत झालंय की आपण त्याला उभयान्वयी अव्यय म्हणून (हे पाहा, पुन्हा आलंच) वेगळ्या खणात ठेवून दिलंय.

मग इतकी कामाची गोष्ट पुस्तकाच्या शेपटाकडे का गेली? याचं उत्तर आपल्या ‘शब्दांच्या आठ जातीं’मध्ये आहे. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावर जे व्याकरण आहे, त्यातही शब्दांच्या जाती आठच होत्या. त्यातली एक स्वतंत्र जात होती ‘मेतोखे’, म्हणजे वाटेकरी: जी नामाच्या गुणांतही वाटा घेते आणि क्रियापदाच्याही. ही आपली धातुसाधितं. लॅटिन व्याकरणांनी ती जात तशीच ठेवली. पुढे इंग्रजी व्याकरणांत ती क्रियापदाच्या पोटात ढकलली गेली. लिंडले मरे याचं १७९५ सालचं इंग्रजी व्याकरण पुढची कित्येक दशकं शाळांवर राज्य करत होतं. त्यात जाती नऊ आहेत आणि वाटेकऱ्याला स्वतंत्र घर नाही. त्या नवांतून ‘आर्टिकल’ वजा करा, कारण ते मराठीत नाही. राहिलेल्या आठ ओळीनं मोजा: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ओळखीच्या वाटतात ना? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर एका हाताला संस्कृत आणि दुसऱ्या हाताला इंग्रजी व्याकरणाचा आराखडा होता. त्यात त्यांची चूक नाही. एकट्यानं एवढं उभं करणं हे थोर काम होतं. पण ज्या भाषेत वाटेकरी हा घरचा कर्ता पुरुष आहे, तिच्यासाठी आपण वाटेकऱ्याला बेघर करणारा आराखडा घेतला आणि जवळपास दोनशे वर्षं तोच गिरवत राहिलो. तेव्हापासून धातुसाधितं क्रियापदाच्या धड्याच्या शेवटी, ‘हेही माहीत असावे’ अशा थाटात येतात.

पाणिनीच्या घरी अशी अडचण नव्हती. त्याला पदं दोनच, सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागलेलं) आणि तिङन्त (काळ-पुरुषाचे ‘तिङ्’ प्रत्यय लागलेलं क्रियापद), आणि धातूपासून जे जे काही होतं त्यातलं तिङ् सोडून बाकीचं सगळं ‘कृत्’. संस्कृतचा कित्ता गिरवताना आपण धातुसाधितांसाठी कृदन्त हे नाव तेवढं घेतलं. त्याच्या मुळाशी असलेली नजर राहून गेली.

ही नजर म्हणजे काय, ते ‘-ऊन’वरून दिसेल. हा प्रत्यय ज्या कामासाठी आहे, त्याच कामासाठी संस्कृतात ‘क्त्वा’ आहे, आणि पाणिनी त्याचा नियम दोन शब्दांत सांगतो: ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’ (३.४.२१). दोन क्रियांचा कर्ता एक असेल तर आधीच्या क्रियेला हा प्रत्यय. आता मराठीत पाहा. ‘मी घरी येऊन जेवलो’ ठीक. ‘मी घरी येऊन पाऊस सुरू झाला’? कोणीही मराठी माणूस दचकेल. ‘मी घरी आल्यावर पाऊस सुरू झाला’ म्हणा, ‘मी घरी येताना’ म्हणा, तक्रार नाही. म्हणजे ‘-ऊन’ला कर्ता एकच लागतो, ‘-ताना’ला आणि ‘-ल्यावर’ला चालवून घेता येतं. नियम पाणिनीचाच. पण थांबा, ‘वीज पडून शेतकऱ्याचा मृत्यू’ या मथळ्याचं काय? पडली वीज, मेला शेतकरी. कर्ते दोन, तरी वाक्य झकास. ‘पाऊस पडून चिखल झाला’, ‘अपघात होऊन दोघे जखमी’. आता याच्याशेजारी हे ठेवा: ‘अधिकाऱ्यांनी पाहणी करून रस्ता खचला’. हसू येतं, कारण पाहणीमुळेच रस्ता खचल्यासारखं वाटतं. (खरंही असेल, कोण जाणे.) तेव्हा मराठीनं पाणिनीच्या नियमात स्वतःची भर घातली आहे: पहिली क्रिया कोणी ठरवून केलेली नसेल, आपसूक घडलेली असेल आणि दुसरी तिच्या पोटातून निघाली असेल, तर कर्ते वेगळे चालतात. हा नियम सातवीच्या कुठल्याही मुलाला माहीत आहे. त्याला तो कोणी सांगितलेला नाही. चार वाक्यं फळ्यावर लिहून, यातलं कुठलं खटकतं आणि का, एवढं विचारलं तर अर्ध्या तासात वर्ग तो स्वतः शोधून काढेल. आपण मात्र त्याला विचारतो, ‘-ऊन हा कोणत्या प्रकारचा प्रत्यय आहे?’

आणखी एक गंमत. ‘ते ऐकून त्याला राग आला.’ ऐकलं कोणी? त्यानं. पण क्रियापद ‘आला’, आणि ते रागाच्या मागे गेलंय. पाठ्यपुस्तकी व्याख्येप्रमाणे ‘राग’ हा कर्ता ठरतो. मग ऐकलं काय रागानं? इथं धातुसाधित आपल्या व्याकरणालाच उलट प्रश्न विचारतं की तुमची ‘कर्ता’ या शब्दाची व्याख्या पुरेशी आहे का.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. मुलाला हे सगळं येतंच, मीच म्हणालो ना? मग नावं ठेवून काय मिळवायचं? आणि हे नुसतं आळशी माणसाचं म्हणणं नाही. १९६३ साली अमेरिकेत, लेखन शिकवण्यावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेणारा रिचर्ड ब्रॅडक आणि सहकाऱ्यांचा अहवाल निघाला. त्यानं सांगितलं की औपचारिक व्याकरण शिकवल्यानं मुलांचं लेखन सुधारण्यावर होणारा परिणाम नगण्य आहे, आणि लेखनाच्या सरावाचा वेळ खात असेल तर तो घातकही आहे. तो इंग्रजीबद्दल आहे हे खरं, पण त्याआड लपण्यात अर्थ नाही. आपल्या वर्गांकडे पाहिलं तर निष्कर्ष वेगळा निघेल असं मला वाटत नाही. धातुसाधितांचे प्रकार घडाघडा म्हणणारी आणि चार ओळींचं धड पत्र न लिहिता येणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत तर हे प्रकार पाढ्यांसारखे म्हणून घेतात, आणि तिथून पुढे आलेले लोक जे परिपत्रक लिहितात ते आपण वाचतोच.

पण आढावे पूर्ण वाचावेत. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली किशोरवयीन मुलांच्या लेखनाबद्दलच्या प्रयोगांचा असाच आढावा घेतला. पारंपरिक व्याकरण शिकवण्याबद्दल त्यांचाही निष्कर्ष निराशाजनकच आहे. पण ज्या पद्धतींचा उपयोग होतो असं त्यांना आढळलं त्यांत एक आहे वाक्यं जोडण्याचा सराव: दोन-तीन साधी वाक्यं द्यायची आणि मुलांनी त्यांचं एक सुघड वाक्य करायचं. आता मला सांगा, मराठीत दोन वाक्यांचं एक वाक्य कशानं करतात? ‘आजी दारात बसली होती. आजी शेंगा सोलत होती. आजीनं मला हाक मारली.’ जोडा. ‘दारात बसून शेंगा सोलणाऱ्या आजीनं मला हाक मारली.’ ‘दारात बसलेल्या आजीनं शेंगा सोलता सोलता मला हाक मारली.’ ‘मला हाक मारून आजी दारात शेंगा सोलत बसली.’ तीन वाक्यांत तीन वेगळ्या आज्या दिसतात. मराठीत वाक्यं जोडण्याचा सराव म्हणजे बहुतांशी धातुसाधितांचाच सराव. म्हणजे ज्या संशोधनाचा दाखला देऊन विषय हद्दपार करायचा, तेच संशोधन तो दुसऱ्या दारानं आत आणतं. बाद होते ती ‘ओळखा पाहू’ची रीत.

आणि ‘येतंच’ हे तरी कितपत खरं? बोलताना येतं. लिहिताना, विशेषतः लांब वाक्यात, घसरतं. पंचनाम्यात किंवा जबाबात सहज बसेल असं हे वाक्य घ्या: ‘मोटारसायकल चालवताना फिर्यादीने आरोपीस पाहिले.’ मोटारसायकलवर कोण होतं? ‘-ताना’ कर्त्याच्या बाबतीत सैल आहे हे वर आलंच. चहाच्या टपरीवर असं बोललं तर समोरचा विचारून घेईल. कागदावर लिहिलेलं वाक्य मात्र तीन वर्षांनी न्यायालयात एकटंच उभं असतं, आणि त्याला विचारणारा तिथं वकील असतो. एवढं एक उदाहरण शाळेत केलं असेल तर पुढे पोलिसात जाणाऱ्या मुलाचा हात लिहिताना क्षणभर थांबेल.

शिवाय ‘मातृभाषा आपोआप येते’ हे वाक्य आता वर्गातल्या सगळ्यांना लागूही पडत नाही. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. वर्गात गुजराती, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. मी काही वर्षं अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवली. हिंदी पट्ट्यातून आलेल्यांना ‘जाऊन’ कठीण जात नाही, त्यांच्याकडे ‘जाकर’ आहे. कन्नड बोलणाऱ्यांना तर ‘मी वाचलेलं पुस्तक’ ही रचना घरचीच वाटते. नामाआधी धातुसाधित ठेवण्याची ही सवय द्राविड भाषांत फार खोल आहे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९५६ साली भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं तेव्हा त्याच्या पुराव्यांत आपल्या ‘-ऊन’सारख्या रूपांचाही समावेश होता. कुळं वेगळी असलेल्या भाषा शेजारधर्मानं एकमेकींसारख्या झाल्या, त्याचा दाखला आपण रोज तोंडानं देतो.

पण या सगळ्या मंडळींची गाडी एका ठिकाणी हमखास अडायची. ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. खाणारा मीच, मग क्रियापद पोळीच्या आणि आंब्याच्या तालावर का नाचतं? पाठ्यपुस्तकाचं उत्तर: हा कर्मणी प्रयोग. हे उत्तर झालं का? तापाला ‘ज्वर’ म्हटल्यासारखं झालं ते.

खरं उत्तर धातुसाधितात आहे. ‘खाल्ला’ हे मुळात क्रियापद नव्हतंच. संस्कृतात ‘मया आम्रः खादितः’ म्हणत, म्हणजे ‘माझ्याकडून आंबा खाल्लेला (आहे)’. हे ‘-त’ प्रत्ययाचं विशेषण प्राकृतातून येताना ‘ल’ घेऊन आलं आणि मराठीचा भूतकाळ झालं. मूळचं विशेषण ते, म्हणून विशेषणासारखं आंब्याचं लिंग-वचन पाळतं. ‘कच्चा आंबा’, ‘कच्ची चिंच’ यांत विशेषण नामाच्या मागे जातं, त्याच न्यायानं. एवढं सांगितलं की मोठी माणसं ‘अच्छा!’ म्हणत आणि पुढची वाक्यं आपली आपण बांधत. याच किल्लीनं आणखी एक कुलूप उघडतं. मराठीत काही क्रियापदांना लिंग असतं आणि काहींना नाही, हे कधी लक्षात आलंय? तो गेला, ती गेली. तो जातो, ती जाते. त्यानं फोन करावा, तिनं पोळी करावी. पण तो जाईल, ती जाईल. तो रोज देवळात जाई, ती रोज देवळात जाई. ज्यांना लिंग आहे ती रूपं धातुसाधितांतून आलेली. ज्यांना नाही ती अस्सल आख्यातांची, म्हणजे मुळातच क्रियापद असलेल्या रूपांची, वंशज. म्हणजे काळ, प्रयोग आणि धातुसाधितं ही एकाच गोष्टीची तीन टोकं. पुस्तकात ती तीन प्रकरणांत आहेत, आणि एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

आता माझ्या भाचीचा माणूस. ‘फोडलेला दगड’ म्हणजे कोणी तरी फोडलेला. ‘दगड फोडलेला माणूस’ असं मात्र आपण सहसा म्हणत नाही, ‘दगड फोडणारा’ म्हणतो. पण ‘नेसलेली पैठणी’ आणि ‘पैठणी नेसलेली बाई’ दोन्ही चालतं. ‘शिकलेला धडा’ आणि ‘शिकलेला माणूस’. ‘विसरलेली छत्री’, आणि ‘विसरलेला मुलगा’ तर दोन्ही अर्थांनी. जेवलेली माणसं, प्यालेला माणूस. ही सगळी क्रियापदं अशी आहेत की क्रियेचं फळ करणाऱ्याच्याच अंगाला लागतं: शिकणं, विसरणं, नेसणं, पिणं. तिथं ‘-लेला’ कर्त्यालाही लागतो. आणि याच क्रियापदांचा भूतकाळ पाहा: ‘तो धोतर नेसला’, ‘ती धडा शिकली’, ‘मी पाणी प्यालो’. सकर्मक असून कर्मणी नाही, कर्त्याच्या मागे जाणारं. पाठ्यपुस्तकं यांची ‘अपवाद’ म्हणून यादी देतात आणि पाठ करायला लावतात. तो अपवाद नाही, अर्थानं धरलेली रांग आहे. बारा वर्षांच्या मुलीला ती रांग दिसली आणि तिचा मार्क गेला.

काळाच्या लेबलांचीही तीच कथा. ‘-लेला’ भूतकाळवाचक, ‘-णारा’ भविष्यकाळवाचक. मग ‘उद्या उरलेलं अन्न फेकू नका, कोणाला तरी द्या’ यात भूतकाळ कुठे आहे? ‘काल येणारी गाडी आज आली’ यात भविष्य कुठे आहे? ‘दूध विकणारा’ तर तिन्ही काळ दूध विकतो. ही रूपं काळ सांगत नाहीत. क्रिया पुरी झाली, चालू आहे की व्हायची आहे, एवढंच सांगतात, आणि काळ मुख्य क्रियापदाकडून उसना घेतात. आणि कधी कधी तेही शब्द सांगत नाही, प्रसंग सांगतो: वाचनालयाला आग लागल्यावर ‘वाचलेली पुस्तकं’ म्हणजे कोणती?

दुसऱ्या पक्षालाही त्याचं श्रेय द्यायला हवं. संज्ञा नकोतच, हे मला मान्य नाही. ज्याला नाव नाही त्याबद्दल वर्गात बोलता येत नाही, आणि ‘ते -ऊनवालं’ म्हणत किती दिवस काढणार? शुद्धलेखनाचा आग्रहही निरर्थक नाही. ‘करून’, ‘घेऊन’, ‘म्हणून’ यांत दीर्घ ऊ आहे. महाराष्ट्री प्राकृतात या रूपाचा प्रत्यय ‘-ऊण’ होता, ज्ञानेश्वरीत तो ‘करूनि’, ‘म्हणौनि’ असा भेटतो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांनी महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’ या काव्यसंग्रहाचं नाव पुष्कळ घेतलं. त्या गाथेच्या भाषेतला एक प्रत्यय आपण दिवसातून शंभरदा तोंडानं उच्चारतो हे सांगणारा मला तरी भेटला नाही. मुलाला हे सांगा, मग ऊ दीर्घ लिही म्हणा. त्याला कारण मिळेल. छडीनं मिळतो तो फक्त दीर्घ ऊ.

पण कडकपणाची हौस असणाऱ्यांना धातुसाधितांनी थोडं नरमही करावं. ‘काय करून राहिला बे?’ हे नागपूरकराचं वाक्य पुण्यात विनोद म्हणून खपतं. ‘करत आहेस’ शुद्ध आणि ‘करून राहिला’ अशुद्ध, हे ठरवलं कोणी? एक बोली चालू क्रियेसाठी ‘-त’ला ‘असणे’ची जोड देते, दुसरी ‘-ऊन’ला ‘राहणे’ची. दोन्हीकडे धातुसाधित आणि साहाय्यक क्रियापद, दोन्हीकडे नियम पक्का. ‘जाऊनशान’, ‘करूनशान’ म्हणणारी आजी व्याकरण मोडत नसते, ती ‘-ऊन’ला आणखी एक मूठ लावते. प्रमाणभाषा परीक्षेसाठी आणि कारभारासाठी लागते हे कबूल, पण घरच्या रूपाला हसून ती शिकवली तर मूल घरचंही सोडतं आणि शाळेचंही धरत नाही.

ज्यासाठी मला हा विषय मध्यभागी हवा आहे ते खरं कारण मात्र शाळेबाहेर आहे. मराठीत कर्ता लपवण्याची सगळ्यात सोयीची जागा धातुसाधित नामात आहे. ‘-ण्यात येणे’. झाडे तोडण्यात आली. अनुदान थांबवण्यात आले. चौकशी करण्यात येईल. तोडली कोणी, थांबवलं कोणी, करणार कोण? ‘तोडणे’ या क्रियेचं नाम केलं, त्याला सप्तमी लावली आणि ‘येणे’ला पुढे उभं केलं की माणूस वाक्यातून नाहीसा होतो. कायद्याच्या आणि कारभाराच्या भाषेला कधी कधी हे लागतं, नाकारत नाही. ‘मतदान केंद्र हलवण्यात आले आहे’ यात हमालाचं नाव कोणाला हवंय? पण जिथं जबाबदारीचा प्रश्न आहे तिथं हीच रचना ढाल होते, आणि ती ढाल आहे हे ओळखायला व्याकरणाचा डोळा लागतो. ज्या मुलानं सातवीत ‘हे कोणी केलं?’ हा प्रश्न प्रत्येक धातुसाधिताला विचारायची सवय लावून घेतली, तो पुढे सूचनाफलकाला, परिपत्रकाला आणि मंत्र्याच्या निवेदनालाही तोच प्रश्न विचारेल. कदाचित म्हणूनही आपण प्रत्यय ओळखण्यावर समाधानी आहोत, असा दुष्ट विचार माझ्या मनात येतो.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं जिन्यानं खाली उतरत होतो, कारण लिफ्ट बंद होती. सोसायटीच्या फलकावर तीन आठवड्यांपूर्वीचा कागद होता: ‘लिफ्टची दुरुस्ती करण्यात येत आहे. सभासदांनी सहकार्य करावे.’ भाचीनं दप्तराच्या खिशातून पेन्सिल काढली आणि ‘करण्यात येत आहे’ला अधोरेखा मारून पुढं बारीक अक्षरात लिहिलं, ‘कोण?’ मी तिला रागावलो नाही. दोन दिवसांनी दूध आणायला उतरलो तर कागद तिथंच होता, लिफ्ट बंदच होती, आणि तो प्रश्न पुसण्यात आला होता.